साहेबाले सगळ्यात शेवटी काहून कळते?

मागच्या अंकात म्हटलं होतं की ऑफिसातल्या, दुकानातल्या, कारखान्यातल्या टीमबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, तर ढीगच आला. मे महिन्याचा परिणाम असेल, पंचेचाळीस डिग्रीत नागपुरातल्या माणसाचं डोकं तसंही तापलेलंच असतं. पण गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर एकच, माणसं चांगली आहेत हो, पण काम बिघडलं हे आम्हाला पार शेवटी कळतं. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, थोडी निवडलीत. नावं, कंपन्या, दुकानं सगळं काढून टाकलंय, कारण आपल्याकडे सीताबर्डीवर शिंकलं की सदर बाजारात ऐकू जातं.

ताई, मी मिहानमधल्या एका आयटी कंपनीत आहे, जानेवारीत टीम लीड झाले. टीम सात जणांची, त्यातले चार माझ्याच बॅचचे, आतापर्यंत आम्ही सोबत डबा खायचो. रोज सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग असते, त्यात सगळे म्हणतात ऑन ट्रॅक आहे, आणि डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी कळतं की तिघांचं अडकून राहिलंय. क्लायंटसमोर मीच तोंडावर पडते. मी तर कोणावर ओरडत पण नाही, मग सांगत काहून नाहीत? (खामल्याहून)

ओरडत नाहीस हे चांगलंच आहे गं, पण न ओरडताही माणसाला गप्प करता येतं. जरा आठवून बघ, मागच्या वेळी कोणी 'अडकलोय' म्हणालं तेव्हा तुझं पहिलं वाक्य काय होतं? 'अरे पण काल तर होईल म्हणाला होतास ना' असं काही असेल तर तिथेच विषय संपला. तुझ्या दृष्टीने तो साधा प्रश्न असतो, त्याच्या दृष्टीने सगळ्यांसमोर पंचनामा, आणि बाकीचे मुकाट्याने ऐकत असतात आणि मनात ठरवून टाकतात की आपण नाही बुवा बोलायचं.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांचं या विषयावरचं काम प्रसिद्ध आहे. त्यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम बघितल्या, औषध देण्यात कुठे किती चुका होतात ते मोजलं. अंदाज असा होता की चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील, निघालं उलटंच, ज्या टीमचं नेतृत्व चांगलं, एकमेकांशी जमतं, तिथेच चुकांचा आकडा जास्त! नंतर लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तिथे त्या बोलल्या जात होत्या, बाकीकडे झाकल्या जात होत्या. म्हणजे तुझ्या मीटिंगमध्ये रोज सगळं 'ऑन ट्रॅक' असेल तर आनंद मानू नकोस, सात माणसांच्या कामात आठवडाभर काहीच बिघडलं नाही असं होतच नाही.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे 'काही अडचण आहे का' हा प्रश्नच बंद कर, त्याचं उत्तर आपल्याकडे नेहमी 'नाही मॅडम' असंच येतं, लग्नात 'अजून वाढू का' विचारल्यावर येतं तसं. त्याऐवजी विचार, शुक्रवारपर्यंत यातलं कोणतं काम होणार नाही असं वाटतंय? म्हणजे काहीतरी होणार नाही हे तूच आधी मान्य केलंस, त्याला फक्त बोट दाखवायचं उरलं. दुसरं, 'सांग' म्हणण्याऐवजी 'दाखव' म्हण. ऐंशी टक्के झालं या वाक्याला काही अर्थ नसतो, मी आयुष्यात इतके ऐंशी टक्के ऐकलेत ना, की आता ऐकलं की हसू येतं. काम असं तोड की प्रत्येक तुकडा दीड-दोन दिवसांत एकतर झालेला असेल नाहीतर नसेल, मधलं काही नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जो मंगळवारी सांगेल त्याच्यासाठी मंगळवारीच काहीतरी हललं पाहिजे. कोणीतरी मदतीला दे, नाहीतर काम कमी कर, नाहीतर तारीख पुढे घे. सांगितल्यावर नुसता दर दोन तासांनी 'झालं का, झालं का' असा फॉलोअप वाढणार असेल तर पुढच्या वेळी तो पोरगा का सांगेल? मी तरी नसतं सांगितलं. आणि हो, रात्री जागून त्यांचं अडकलेलं काम स्वतः करून टाकत असशील (बहुतेक करत असशीलच) तर ते आजपासून बंद.

मित्रांचं अवघड आहे, ते मान्य. चौघांशी वेगवेगळं, एकेकट्याशी बोल, सरळ सांग की आता तुझं रेटिंग माझ्या हातात आलंय आणि हे आपल्या दोघांनाही विचित्र वाटतंय. डबा सोबत खायला काही हरकत नाही, फक्त एकाच्या कामाची चर्चा दुसऱ्याच्या डब्यावर नको. आणि एक प्रश्न तुलाच, तू तुझ्या मॅनेजरला 'हे होणार नाही' कधी सांगतेस? आदल्या संध्याकाळीच ना? मग पोरं तुझ्याकडूनच शिकली.

टीम बिल्डिंगसाठी स्टाफला पेंचला रिसॉर्टवर न्यायचा विचार आहे, दोन दिवस शनिवार-रविवार. फायदा होतो का? (मनीषनगर)

वाघ दिसला तर होतो. अहो, रविवार त्यांचा आहे, तो घेऊन वर 'एन्जॉय करा' म्हणायचं हे काही बरोबर नाही, घरी लहान पोरं असलेल्या बायकांना तर ती शिक्षाच वाटते. न्यायचंच असेल तर कामाच्या दिवशी न्या, एकच दिवस, आणि रस्सीखेच वगैरे खेळ नका लावू. ऑफिसात ज्याचं ज्याच्याशी पटत नाही त्याचं पेंचलाही पटत नाही, फक्त तिथे जेवण चांगलं असतं.

ताई, हिंगणा एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. नऊ माणसं होती. मोठी ऑर्डर आली, मागं पडलो म्हणून पाच पोरं अजून घेतले, तं काम पुढं जाण्याऐवजी आणखी मागं गेलं! दोनदा प्लेटमधले होल चुकीच्या जागी पाडले. हेल्परले दिसत होतं म्हणे, पण बोलला नाही. पगार तं मी वेळेवर देऊन राहिलो ना!

पगार वेळेवर देता ही मोठी गोष्ट आहे, उपहासाने नाही म्हणत, एमआयडीसीत ती सगळीकडे होत नाही. पण भाऊ, माणसं वाढवून उशीर वाढला हा तुमच्या एकट्याचा अनुभव नाही. आयबीएममध्ये फ्रेड ब्रुक्स नावाचे इंजिनियर होते, एका प्रचंड सॉफ्टवेअरच्या कामाचे प्रमुख, त्यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो. कारण नव्यांना शिकवायला तुमचे जुने, सगळ्यात कामाचे लोकच लागतात, म्हणजे जे दोन हात वेल्डिंग करत होते ते आता समजावत बसले. आणि कोणी कोणाला काय सांगितलं याचा गोंधळ माणसांच्या हिशोबाने वाढत नाही, जोड्यांच्या हिशोबाने वाढतो. नऊ माणसांत ३६ जोड्या होतात, चौदा माणसांत ९१. पाचच माणसं घेतली तुम्ही, पण 'मी तर त्याला सांगितलं होतं' म्हणायच्या जागा अडीच पट झाल्या.

दुसरी गोष्ट, खूप जण एकाच कामाला लावले की प्रत्येकाचा हात हलका पडतो. मॅक्स रिंगलमन नावाचे फ्रेंच शेती-इंजिनियर होते, त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला, १९१३ मध्ये ते छापून आलं. आठ जण लावले तेव्हा माणशी जोर जवळपास निम्म्यावर आला होता. लोक म्हणाले, एकदम सगळ्यांना एका वेळी ओढता आलं नसेल, म्हणून कमी. मग १९७४ मध्ये अमेरिकेत ॲलन इंगम आणि त्यांच्या सोबतच्यांनी भारी युक्ती केली, एकाच माणसाच्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि मागे नाटकी माणसं उभी केली, जी ओढतच नव्हती. तरी त्या बिचाऱ्याला वाटलं सोबत लोक आहेत आणि त्याचा जोर कमी पडला! म्हणजे कामचोरपणा नेहमी मुद्दामच असतो असं नाही, माझ्या एकट्याचा जोर दिसतच नाही म्हटल्यावर तो आपोआप कमी होतो.

म्हणून चौदा जण एका ऑर्डरवर सोडू नका. तीन-तीन, चार-चार जणांचे गट करा, कटिंग-ड्रिलिंग एक, जुळणी आणि टॅक एक, वेल्डिंग एक, ग्राइंडिंग-पेंटिंग एक, आणि भिंतीवर बोर्ड लावून गटापुढे माणसांची नावं आणि आज किती पीस ते लिहा, खडूने लिहिलं तरी चालतं. नव्या पोरांना वेल्डिंग शिकवायची ही वेळ नाही, त्यांना माल उचलणं, साफसफाई, ग्राइंडिंग द्या म्हणजे तुमच्या फिटरचा वेळ मोकळा होईल. शिकवणं ऑर्डर गेल्यावर. आणि ड्रिलिंगला पहिला पीस तपासून सही झाल्याशिवाय दुसरा पीस मशीनवर चढणार नाही, हा नियम तर आजच करा, होल चुकले तरी एकाच प्लेटचे चुकतील.

आता तो हेल्पर. खरं सांगू का, मला तुमच्या पत्रातली हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवर एक दोरी असते, अँडॉन कॉर्ड म्हणतात, कोणत्याही कामगाराला काही चुकीचं दिसलं की तो ती ओढतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या वेळात सुटलं नाही तर अख्खी लाइन थांबते. दोरी लावणं सोपं आहे हो, तुम्ही उद्या लावाल, पण समजा मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडून आलेला, रोजावरचा पोरगा असेल, तो ती ओढेल का? तो काय विचार करतो, मिस्त्री वीस वर्षांचा, मी दोन महिन्यांचा, मिस्त्रीने खूण केली म्हणजे बरोबरच असेल, आणि मी थांबवलं आणि मीच चुकीचा निघालो तर दिवसाचा रोज जाईल. ड्रॉइंग इंग्रजीत, ते त्याला वाचता येत नाही, तुमच्याशी तो हिंदीत बोलतो आणि मिस्त्रीशी बोलतच नाही. मग सगळ्यांना उभं करून, मिस्त्रीलाही, एकदा मोठ्याने हिंदीतच सांगा की शंका आली तर मशीन थांबवायची, शंका चुकीची निघाली तरी एक रुपया कापणार नाही. मागच्या चुकलेल्या होलचे पैसे कोणाच्या पगारातून कापले असतील तर ते परत करा, नाहीतर तुमच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि तो हेल्पर ज्या दिवशी खरंच मशीन थांबवेल त्या दिवशी मिस्त्रीच्या तोंडाकडे नीट लक्ष ठेवा, तिथे मिस्त्री त्याला हसला तर तुमचं सगळं बोलणं वाया गेलं.

इतवारीत आमचं साड्यांचं दुकान, आजोबांपासूनचं. मी एमबीए करून आलो. काउंटरवरचे जुने लोक बाबांचं ऐकतात, काकांचं ऐकतात, माझं ऐकल्यासारखं करतात. बिलिंगचं सॉफ्टवेअर आणलं तं दिवाणजी अजून वहीतच लिहून राहिले. माणसं बदलावी का?

नाही. माणसं बदलायचा विचार सगळ्यात आधी येतो कारण त्यात आपल्याला काही बदलावं लागत नाही. गूगलने २०१२ पासून आपल्याच साधारण १८० टीम तपासल्या होत्या, चांगली टीम कशाने होते ते बघायला, त्यात टीममध्ये कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसं वागतात हे जास्त महत्त्वाचं निघालं. आणि गूगलचं जाऊ द्या, तुमच्या दुकानात खरा प्रश्न असा आहे की हुकूम देणारे तीन आहेत. काका म्हणतात पैठणीचा माल पुढे लावा, तुम्ही म्हणता डेली वेअर पुढे, काउंटरवरचा माणूस मग हुशारीने दोघांपैकी जो जवळ उभा असेल त्याचं ऐकतो, यात त्याचं काय चुकलं?

तिघांनी घरी बसून, दुकानात नाही, वाटून घ्या. सुरतेची-बनारसची खरेदी काकांची, उधारी आणि व्यापारी बाबांचे, बिलिंग आणि स्टॉक तुमचा. आणि मग हे बाबांनी स्टाफसमोर सांगायचं, तुम्ही नाही. बाबा म्हणाले 'स्टॉकचं याला विचारा, मला नाही' की काम झालं, आणि नंतर कोणी बाबांकडे गेलं तर बाबांनी खरंच परत पाठवायला हवं, तिथेच बाबा लोक घसरतात. एकदा जरी त्यांनी 'असू दे, मी सांगतो' म्हणून निर्णय दिला की दुसऱ्या दिवसापासून सगळे परत त्यांच्याकडेच.

दिवाणजींच्या वहीत काय आहे ते तुम्ही कधी वाचलंय का? कोणता व्यापारी दसऱ्यानंतरच देतो, कोणाचा चेक दोनदा टाकावा लागतो, कोणाच्या घरच्या लग्नाला माल उधार द्यायचाच असतो, हे सगळं त्यात नाहीतर त्यांच्या डोक्यात आहे आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रकाना नाही. त्यांना सोबत बसवा, रकाने त्यांच्याकडून ठरवून घ्या, टाइप करायला एखादी मुलगी ठेवा. दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत दोन्ही चालू द्या, आणि वही कधी बंद करायची ते दिवाणजींनाच सांगू द्या, तुम्ही तारीख टाकली तर ते वही बंद करतील आणि घरी दुसरी उघडतील.

रामदासपेठेत आमचं सीए ऑफिस आहे. एक सिनियर फार हुशार, जीएसटीचं सगळं तोच सांभाळतो, पण ज्युनियर्सला घालूनपाडून बोलतो. आर्टिकलशिपची पोरं-पोरी रडतात, दोन सोडून गेल्या. त्याला काढलं तर ऑफिस बसेल. काय करू?

सर, तुम्ही बोललात का त्याच्याशी कधी? पत्रात ते कुठेच नाही. महिन्याच्या ११ तारखेला एक रिटर्न, २० तारखेला दुसरं, त्यामुळे ११ च्या आधी बोलायचं नाही, २० च्या आधी बोलायचं नाही, आणि २१ ला सगळे थकलेले, असं करत वर्ष गेलं असेल. तो ओरडतो हा अर्धा प्रश्न आहे, तुम्ही केबिनमध्ये बसून ऐकता आणि बाहेर येत नाही हे पोरं बघतात, तो उरलेला अर्धा.

केबिनमध्ये बोलवा आणि स्वभावावर जाऊ नका, 'तू फार रागीट आहेस' म्हटलं की तो म्हणेल माझा स्वभावच असा आहे, संपलं. नेमकं बोला, अमुक दिवशी, अमुक क्लायंटच्या फाइलवरून, सगळ्यांसमोर तू तिला हे म्हणालास, ते या ऑफिसात चालणार नाही. चूक दाखवायची असेल तर तिला बाजूला घेऊन दाखव. आणि तिथेच न थांबता, येत्या तीन महिन्यांत त्याच्याकडच्या प्रत्येक मोठ्या क्लायंटवर दुसरं कोणीतरी बसवा. तो गेला तर ऑफिस बसेल ही भीती त्यालाही माहिती आहे, त्याच जोरावर तो बोलतो. आणखी एक, जीएसटीत काही गडबड झाली तर ज्युनियर त्याच्याकडे येणार नाही, ती दाबून ठेवणार, नोटीस आली की तुम्हाला कळणार. आर्टिकलशिप दोन वर्षांची, पोरं शिकायला येतात, इथे काय शिकायला मिळतं ते धरमपेठेतल्या क्लासेसमध्ये केव्हाच पसरलंय, पुढच्या वर्षी चांगली पोरं तुमच्याकडे अर्जच करणार नाहीत. सुधारला तर उत्तम, नाही सुधारला तर जाऊ द्या, २० तारखेच्या नंतर.

आमची बारा जणांची टीम, मी एकटीच बाई. घाणेरडे जोक चालतात, मी गप्प बसले की म्हणतात टीममध्ये मिसळत नाही. (नाव नको)

हा टीममध्ये मिसळण्याचा प्रश्नच नाही, तो तसा मांडला जातो एवढंच. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त लोक काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते, अध्यक्ष बाईच, निम्म्या तरी सदस्य बायका, आणि एक सदस्य बाहेरचा. तुमच्याकडे समिती नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायचं असतं, कारण योग्य असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, कोण समोर होतं हे आजपासून लिहून ठेवा, मेसेज असतील तर डिलीट करू नका. मॅनेजर हे वाचत असेल तर त्याच्यासाठी, ती हसत नाहीये हे तुम्हाला दिसतंय ना, मग थांबवायला तक्रारीची वाट कशाला बघताय.

साहेब रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर काम टाकतात, सकाळी म्हणतात वाचलं नाही का? (वर्धा रोड)

साहेबांना रात्री सुचत असेल तर सुचू द्या, टाकूही द्या. तुम्ही पाच-सहा जण मिळून, एकट्याने नको, दिवसा आणि साहेबांचा मूड बरा असताना एवढंच ठरवून घ्या की ग्रुपवरचं सकाळी दहाला बघितलं जाईल आणि खरंच तातडीचं असेल तर फोन करायचा. फोन करायचा म्हटलं की अकरा वाजता माणूस दोनदा विचार करतो. आणि तुमच्यापैकी जो एक जण साडेअकराला 'येस सर, नोटेड' टाकतो ना, त्याच्याशी आधी बोला.